जुन्या लेन्सांचा नवा संसार

छायाचित्रणाच्या क्षेत्रांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट घडून आली आहे. कॅमेरा जसजसा अधिक हुशार होत चालला, तसतशी त्याच्यावर बसविण्यासाठीं जुनी, हातानें फिरवावयाची लेन्स शोधणाऱ्यांची संख्या वाढत चालली. समोरच्या माणसाचा डोळा ओळखून आपोआप त्यावर फोकस धरणारा कॅमेरा हातीं असतां, पन्नास वर्षांपूर्वीं सोव्हिएट रशियांत, जर्मनींत किंवा जपानांत तयार झालेली, विजेची एकहि तार अंगांत नसलेली लेन्स त्याला जोडावयाची आणि बोटांनीं कडें फिरवून फोकस साधावयाचा, हा छंद आज आपल्याकडील तरुणांतहि दिसून येतो. छंद म्हणून त्याला कोणी नांवें ठेवावीं असें नाहीं. परंतु छंदाच्या मागोमाग त्याचें एक तत्त्वज्ञानहि तयार होत असतें, आणि तत्त्वज्ञान तयार झालें म्हणजे त्याची परीक्षा करणें टीकाकारास भाग पडतें. जुन्या लेन्सांचे चाहते तीन गोष्टी सांगतात. अशी लेन्स स्वस्त पडते. तिच्या चित्रांत नव्या लेन्सला न साधणारा एक 'स्वभाव' असतो. आणि ती माणसाला छायाचित्र काढावयास शिकविते. ह्या तिन्ही विधानांची किंमत सारखी नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम, हा संयोग शक्य कसा झाला तें पाहूं. कॅमेऱ्यावर लेन्स जेथें बसते तेथपासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक कंपनीनें आपापल्या सोयीनें ठरविलेलें असतें, आणि लेन्सची रचना तें अंतर गृहीत धरूनच केलेली असते. लेन्स ठरल्यापेक्षां मिलिमीटरभर जरी पुढें राहिली, तरी दूरचा डोंगर स्पष्ट उमटत नाहीं. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्यें हलणारा आरसा असे. त्याला जागा लागे, म्हणून हें अंतर मोठें ठेवावें लागे. जुन्या पेंटॅक्स व झेनिट कॅमेऱ्यांच्या, ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनीं बसणाऱ्या लेन्सांत तें ४५.४६ मिलिमीटर आहे; निकॉनच्या १९५९ सालच्या एफ-मालेंत ४६.५, आणि कॅननच्या जुन्या एफ-डी लेन्सांत ४२. पुढें १९८७ सालीं कॅननने आपोआप फोकस साधणारी ईओएस-माला काढली व तिच्यासाठीं ४४ मिलिमीटरांचें अंतर ठरविलें. केवळ दोन मिलिमीटरांच्या ह्या फरकानें घरोघरच्या एफ-डी लेन्स पोरक्या झाल्या. मध्यें एखादें जादा भिंग घातल्यावांचून त्या नव्या कॅमेऱ्यावर दूरचें कांहींच स्पष्ट दाखवीनात.

ह्या लेन्सांचें दैव उघडलें तें आरसा निघून गेला तेव्हां. २००८ सालीं पॅनॅसॉनिकनें जी-१ हा बिनआरशाचा कॅमेरा आणला. त्याचा सेन्सर लहान असल्यामुळें जुन्या लेन्सच्या चित्राचा मधलाच भाग हातीं येई. २०१३ सालीं सोनीचा ए-७ आला. त्याचा सेन्सर मात्र फिल्मच्या जुन्या चौकटीएवढा, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटरांचा होता, आणि लेन्सची बैठक सेन्सरपासून अवघ्या १८ मिलिमीटरांवर होती. आतां एफ-डी लेन्स बसवावयास २४ मिलिमीटर लांबीचा एक पोकळ अ‍ॅडॅप्टर पुरेसा झाला. आंत भिंग नाहीं, यंत्र नाहीं. नुसती योग्य लांबीची नळी. तेव्हां जुन्या लेन्सला नव्या घरांत आसरा मिळाला तो लोकांची रसिकता एकाएकीं वाढल्यामुळें नव्हे. घरांत जागा रिकामी झाल्यामुळें. हें लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील वादांतला बराचसा भाबडेपणा आपोआप कमी होतो.

पहिलें विधान स्वस्ताईचें. त्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. फिल्मच्या काळांत बहुतेक रिफ्लेक्स कॅमेरे पन्नास मिलिमीटरांच्या आसपासच्या लेन्ससह विकले जात, म्हणून त्या लेन्स आजहि विपुल आहेत. मुंबईच्या चोर बाजारांत किंवा कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठीं प्रसिद्ध असलेल्या बोरा बाजारांत शोधणाऱ्यास त्या अजून मिळूं शकतात. परंतु आपल्या हवेचा हिशेब ह्या स्वस्ताईंत कोणी धरीत नाहीं. मुंबईंत व कोंकणांत पावसाळ्यांत हवेंतील ओल आठवडेच्या आठवडे टिकते, आणि कपाटांत बंद असलेल्या लेन्सच्या भिंगांवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे बारीक तंतु प्रथम भिंगावरील लेप खातात, मग कांचेला डाग पाडतात. असा डाग पुसल्यानें जात नाहीं. ज्या चामड्याच्या पेटींत आपण लेन्स जपून ठेवतों, तें चामडेंच ओल धरून बुरशीला पोसतें. म्हणून विकत घेण्यापूर्वीं लेन्सच्या एका बाजूनें विजेरी धरून दुसऱ्या बाजूनें पाहावें. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चढलें आहे काय, कडें मध्येंच अडतें काय, हें तपासावें. ही तपासणी व पुढची साफसफाई हिशेबांत धरली, तर स्वस्ताई पुष्कळ वेळां कागदावरच राहते. शिवाय घरच्या जुन्या कॅमेऱ्यांपैकीं प्रत्येकाची लेन्स सुटी होते असेंहि नाहीं. क्लिक-थ्री किंवा याशिका इलेक्ट्रो ह्यांची लेन्स कॅमेऱ्याशीं कायमची जोडलेली असते. ती उपटून काढण्याच्या भरीस पडूं नये. आजोबांची आठवण तेवढी मोडून बसेल.

दुसरें विधान अधिक मोहक, म्हणून अधिक तपासण्याजोगें. जुन्या लेन्सला स्वभाव असतो आणि नवी लेन्स निर्जीव असते, असें आपण वारंवार ऐकतों. हा स्वभाव म्हणजे काय? हेलिऑस-४४ हिचें उदाहरण घ्या. ५८ मिलिमीटर, एफ २, चार गटांत सहा भिंगें. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यांत ती तयार होऊं लागली आणि झेनिट कॅमेऱ्याबरोबर देशोदेशीं गेली. तिची घडण मुळांत येना येथील झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची. दाट पानांपुढें माणूस उभा करून, ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून चित्र काढलें, तर मागचीं पानें त्याच्याभोंवतीं भोंवऱ्यासारखीं फिरत असल्याचा भास होतो. ह्या भोंवऱ्यावर पुष्कळ लोक लुब्ध आहेत. परंतु त्याचें कारण मुळींच गूढ नाहीं. चित्राच्या कडांकडे तिरपे जाणारे किरण लेन्सच्या नळीच्या कांठानें थोडे छाटले जातात, त्यामुळें प्रकाशाचे गोल ठिपके कडेला मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात. आणि भिंगांच्या रचनेंत राहून गेलेले दोष त्या लांबट ठिपक्यांना मध्याभोंवतीं वळण देतात. गोर्लिट्झच्या मायर कारखान्याची १०० मिलिमीटरांची ट्रायोप्लान घ्या. तिच्या चित्रांत पार्श्वभूमीचे प्रकाशबिंदु साबणाच्या फुग्यांसारखे, कडेला उजळ असे उमटतात. तीन भिंगांच्या त्या साध्या रचनेंत किरण एका बिंदूंत नीट मिळत नाहींत, याची ती खूण आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानच्या असाही कंपनीच्या सुपर-टाकुमारचें. तिच्या ५० मिलिमीटर एफ १.४ ह्या लेन्सच्या कांहीं आवृत्त्यांत थोरियम मिसळलेली कांच वापरली होती, कारण अशी कांच किरणांना अधिक वांकविते आणि तरीहि रंग फारसे फांकूं देत नाहीं. थोरियम किरणोत्सर्गी असल्यामुळें वर्षानुवर्षें ती कांच पिवळी पडत गेली. लेन्स नुसती वापरण्यांत भीतीचें कारण नाहीं; ती फोडूं वा घांसूं मात्र नये. पण त्या पिवळेपणाला 'उबदार सोनेरी छटा' म्हणून गौरविणारे लोक आहेत! हीच लेन्स कांहीं दिवस उन्हांत किंवा अतिनील दिव्याखालीं ठेवली तर तो पिवळेपणा पुष्कळसा ओसरतो. उन्हांत ठेवल्यानें जो निघून जातो, त्याला स्वभाव म्हणणें आम्हांस तरी धाडसाचें वाटतें.

ह्या लेन्स घडविणाऱ्यांना हे दोष हवे होते काय? इतिहास त्याच्या अगदीं उलट साक्ष देतो. १८४० सालीं व्हिएन्ना येथें जोसेफ पेट्झव्हाल ह्या गणितज्ञानें व्यक्तिचित्रांसाठीं एफ ३.६ ची लेन्स रचली, ती अंदाजानें नव्हे तर गणितानें. आणि तोंवर जेथें मिनिटेंच्या मिनिटें स्तब्ध बसावें लागे, तेथें तो काळ तिनें फारच कमी केला. मध्यभाग स्वच्छ आणि कडा भोंवंडणाऱ्या, हें त्या लेन्सचें रूप म्हणजे तिच्या कर्त्याच्या विजयाची आणि मर्यादेची सीमारेषा होती. तेथून पुढें कडाहि स्वच्छ करण्याचा दीर्घ उद्योग सुरू झाला. १८९३ सालीं डेनिस टेलर यांची तीन भिंगांची रचना आली, १९०२ सालीं पॉल रुडॉल्फ यांची टेसार आली, १९३५ सालीं झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनीं परावर्तन कमी करणारा लेप शोधून काढला. इतका उद्योग जो दोष घालविण्यासाठीं झाला, तोच दोष मुद्दाम राखून २०१३ सालीं पेट्झव्हालच्या नांवाची नवी लेन्स बाजारांत आणण्याची योजना निघाली आणि लोकांनीं तिला आगाऊ पैसे दिले. एका पिढीनें काजळी म्हणून पुसून काढावें आणि दुसरीनें तेंच काजळ म्हणून डोळ्यांत घालावें, त्यांतला हा प्रकार आहे.

तथापि दोष म्हटला कीं तो कलेंत निषिद्धच, असा आमचा आग्रह नाहीं. प्रश्न एवढाच कीं तो दोष चित्राच्या अर्थाला लागतो कीं नाहीं. स्टॅन्ली कुब्रिक यांनीं १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' ह्या चित्रपटांतील कांहीं प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडांत टिपले. त्यासाठीं त्यांनीं झाइसनें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेकरितां केलेली ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स मिळविली आणि ती बसावी म्हणून चित्रपटाचा कॅमेरा बदलून घेतला. त्या लेन्सनें स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद कीं नटांना फारशी हालचाल करण्याची सोय नव्हती. पण कथानक अठराव्या शतकांतलें होतें, रात्रीच्या दिवाणखान्यांत मेणबत्तीचाच उजेड असावयाचा, आणि तो बांधल्यासारखा संथपणा त्या समाजाच्या चित्राला शोभून दिसला. परक्या कामासाठीं झालेली लेन्स येथें परक्या कॅमेऱ्यावर बसली ती गरज म्हणून. ह्याच्याजवळ हल्लींचीं शेंकडों हेलिऑस-चित्रें ठेवून पाहा. बागेंत उभी असलेली मुलगी, मागें पानांचा भोंवरा. दुसऱ्या चित्रांत दुसरी मुलगी, मागें तोच भोंवरा. मुलगी बदलली तरी चित्र बदलत नाहीं. हजार जणांच्या चित्रांत जी गोष्ट एकसारखीच दिसते, ती स्वभाव नव्हे, तो ठसा होय. स्वभाव असलाच तर तो चित्र काढणाराचा असावयाचा. तो लेन्सकडून उसना घेण्याची सोय नाहीं.

येथवर आम्हीं जुन्या लेन्सच्या विरुद्ध बाजूनें लिहिलें. तिसऱ्या विधानाकडे वळतांना मात्र आम्हांस तिचा पक्ष घ्यावासा वाटतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठीं केलेल्या नव्या लेन्सांपैकीं पुष्कळांचें फोकसचें कडें भिंगांशीं जोडलेलेंच नसतें. तें फिरविलें म्हणजे आंतल्या मोटारीला एक इशारा जातो आणि भिंगें मोटार हलविते. बहुधा कड्यावर अंतराचे आंकडेहि नसतात. जुन्या लेन्सचें कडें म्हणजे साक्षात् स्क्रू. बोट जेवढें फिरेल तेवढें भिंग सरकेल, आणि अनंताच्या खुणेशीं तें ठक्कन थांबेल. तिच्या अंगावर फूट व मीटर कोरलेले असतात, आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला कोठपासून कोठपर्यंत स्पष्ट दिसेल याचें कोष्टकहि तेथेंच असतें. छायाचित्रणाच्या पुस्तकांतील एक अख्खें प्रकरण त्या पितळी-अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर लिहिलेलें आहे, आणि तें वाचल्यावांचून चित्र निघत नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. ५८ मिलिमीटरांची लेन्स एफ २ वर उघडी ठेवून एक मीटरवरच्या माणसाचें चित्र काढलें, तर नेहमींच्या मापानें स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारें तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा असतो. समजा, आजी देवापुढें वाती वळीत बसली आहे. स्पष्ट काय दिसावें? तिचा डोळा, कीं बोटांतला कापूस? दोन्ही दिसणार नाहींत. आपोआप चालणारें यंत्र डोळा निवडील, कारण त्याला तसें शिकविलें आहे, आणि बहुतेक वेळां तें बरोबरहि असेल. परंतु बहुतेक वेळां बरोबर असणें वेगळें आणि निर्णय घेणें वेगळें. नव्या यंत्रावरहि हा बिंदु हवा तेथें नेतां येतो, हें आम्ही जाणतों. फरक इतकाच कीं नव्या यंत्रावर तो विचार न करतांहि चित्र निघतें, जुन्या लेन्सवर निघतच नाहीं. आजीकडे क्षणभर नीट पाहिल्याखेरीज हात कड्यावर थांबत नाहीं. जुन्या लेन्सचें खरें देणें तें हें. तिच्या कांचेंत नाहीं, तिच्या अडवणुकींत आहे.

परंतु येथेंहि अभिमान बेताचा असावा. हातानें साधलेला हा फोकस आज अचूक येतो तो नव्या यंत्राच्याच कृपेनें. जुन्या रिफ्लेक्समध्यें ह्या कामासाठीं दुभंगलेली प्रतिमा दाखविणारी कांच असे. पुढच्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांतून ती बहुधा नाहींशी झाली, आणि त्यांच्या उजळ पडद्यावर मोठ्या अ‍ॅपर्चरचा अरुंद पट्टा डोळ्याला खरा तेवढा दिसतहि नसे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत सेन्सरवरचेंच चित्र दहा-दहा पट मोठें करून पाहतां येतें, म्हणून काम साधतें. स्पष्ट कडांवर रंगीत रेघ दाखविण्याची दुसरी सोय आहे, पण अ‍ॅपर्चर उघडें असतां ती पुष्कळदां फसविते. मोठें करून पाहणें हाच विश्वासू मार्ग. हात हलल्याची चूक सावरणारें यंत्रहि कॅमेऱ्याचेंच. त्याला लेन्स किती मिलिमीटरांची आहे तें आपण सांगावें लागतें. आणि कोणतें अ‍ॅपर्चर वापरलें त्याची नोंद चित्राबरोबर होत नाहीं. ती ज्याची त्यानें वहींत करावी. थोडक्यांत, जुन्याकडे परतण्याचा हा मार्ग नव्याच्या अंगणांतून जातो. त्या अंगणांत उभें राहून नव्याला शिव्या देणें कृतघ्नपणाचें होईल.

शिवाय ज्या काळाचें हें स्मरण, त्या काळच्या कसबी लोकांनीं हातच्या फोकसला व्रत मानलें होतें असें दिसत नाहीं. १९१३ सालीं नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीं स्पीड ग्राफिक व रोलाइफ्लेक्स ह्यांसारख्या कॅमेऱ्यांवर स्वातंत्र्योदयाच्या वेळची दिल्ली टिपली. दुसरा उपाय नव्हता म्हणून फोकस हातानें साधला. त्या चित्रांपुढें उभें राहिल्यावर लेन्स कोणती, हा प्रश्न आपल्या मनांत शेवटीं येतो, बहुधा येतच नाहीं. त्या चित्रांचें मोठेपण ठरलें तें कोणत्या क्षणीं कोठें उभें राहावें, ह्या त्यांच्या समजुतीनें. ती समजूत कड्यावर कोरलेली नसते.

तेव्हां जुनी लेन्स कोठें वापरूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. लग्नांत अक्षता पडतात तो क्षण, धांवणारें मूल, ज्याची पुनरावृत्ति नाहीं असा प्रसंग, येथें तिचा हट्ट धरणें म्हणजे आपल्या हौसेसाठीं दुसऱ्याची आठवण पणाला लावणें होय. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या कित्येक जुन्या, रुंद दृष्टीच्या लेन्स नव्या सेन्सरवर कडांना चित्र फांसटतात किंवा रंगाची झांक आणतात. कारण त्यांचे किरण फार तिरपे येतात, आणि फिल्मवर नसणारें कांचेचें आवरण सेन्सरवर असतें. हा दोष लेन्सचा नाहीं, जोडीचा आहे. पण म्हणून तो रम्य ठरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं सुटी होणारी जुनी लेन्स असेल, तर ती बुरशी पाहून घेऊन घरांतल्या चित्रें काढणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या हातीं अवश्य द्यावी. वर्षभर एकच लेन्स, एकच दृष्टिकोन आणि हातचा फोकस ह्यांवर काम केलें, तर यंत्राच्या यादींतले पन्नास पर्याय चाळून जें कळत नाहीं तें कळेल. मात्र त्याबरोबर एक अटहि घालावी. चित्र दाखवितांना लेन्सचें नांव सांगावयाचें नाहीं. नांव झांकल्यावर जें चित्र उभें राहतें तें राखावें. जें केवळ भोंवऱ्याच्या, फुग्यांच्या किंवा पिवळ्या छटेच्या जोरावर उभें होतें तें आपोआप पडेल, त्याची हळहळ करूं नये. पन्नास वर्षांनीं घरांतलीं मुलें तें चित्र हातीं घेतील, तेव्हां त्यांना त्यांत आजी दिसली पाहिजे, आणि तिच्या बोटांतला कापूस दिसला पाहिजे. तो कोणत्या लेन्सनें दाखविला, हें त्यांस ठाऊक नसलें तरी कांहीं बिघडणार नाहीं.